बँकॉकला जाताय? मशिदीच्या गल्लीतून जा

बँकॉकला जायचं म्हटलं की आपल्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला अम्मी मोठ्यानं विचारते, "तिथं खाणार काय?" दुसरा कोणी उघड विचारत नाही, पण अब्बांच्या चेहऱ्यावर आणि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या हसण्यात तो दिसतो, "बँकॉकलाच का?" मुलगा जाणार असेल तर थोडी कुरकुर होते आणि परवानगी मिळते. मुलगी जाणार असेल तर विषय तिथंच संपतो.

मला वाटतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच पत्त्यावर मिळतं. तो पत्ता म्हणजे बँकॉकमधल्या जुन्या मशिदींभोवतीच्या गल्ल्या. हलाल जेवण शोधत तुम्ही त्या गल्ल्यांत शिरलात, तर पोटही भरतं आणि मॉल-मसाज-पट्टाया या ठरलेल्या फेरीत कधीच न दिसणारं शहर दिसतं. शिवाय परत येताना आपल्या स्वतःच्या गावाबद्दलचे काही प्रश्न सोबत येतात. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

आज आपल्यातले बरेच तरुण पॅकेज टूरने जातात. त्यात "हलाल जेवणाची सोय" असते, म्हणजे बस रोज एका भारतीय रेस्टॉरंटसमोर थांबते. बिर्याणी तीच, बटर चिकन तेच, टेबलावर माणसंही आपलीच. चार दिवसांनी विमानात बसताना थायलंडबद्दल माहिती काय, तर टुकटुकवाला जास्त पैसे मागतो. साडेचार तास उडून आपण घरातच बसून आलो. हलाल हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे, त्याबद्दल तडजोड करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याचं कुंपण करून आत बसणं हा आळस आहे, दीनदारी नव्हे.

आधी पोटाचं

थायलंडमध्ये मुसलमान सुमारे ५ टक्के आहेत. बँकॉक शहरात दीडशेहून जास्त मशिदी आहेत. त्यामुळे हलाल जेवण मिळत नाही ही भीती काढून टाका. थायलंडच्या केंद्रीय इस्लामी समितीचा हलाल शिक्का असतो, चौकटीत अरबी अक्षरांत 'हलाल'. दुकानांतल्या पाकीटबंद पदार्थांवर, अगदी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधल्या कित्येक वस्तूंवरही तो सापडतो. हातगाडीवर किंवा छोट्या खानावळीत चाँदतारा, नाहीतर अरबीत काही लिहिलेलं दिसतं. न दिसलं तर विचारा, "आहान इस्लाम?" म्हणजे इस्लामी जेवण आहे का. डुकराला तिथं 'मू' म्हणतात. 'माई किन मू' म्हणजे मी डुक्कर खात नाही. एवढे तीन-चार शब्द पाठ करून जा.

मात्र सावध राहायची जागा वेगळी आहे. नुसतं कोंबडीचं किंवा भाजीचं ताट मागितलं म्हणून काम झालं असं समजू नका. साध्या गाडीवर डुकराची चरबी परतायला वापरतात, आणि कढई व चमचा एकच असतो. जे शाकाहारी आहेत किंवा ज्यांना शंका नको आहे, त्यांनी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांतलं 'जे' हे चिन्ह शोधावं. तिथं मांस, मासे, अंडी यातलं काहीच नसतं.

खायचं काय? खाव मोक काय. थाई भाषेत 'काय' म्हणजे कोंबडी, त्यामुळे मराठी माणसाला आधी वाटतं की आपल्याला प्रश्नच विचारला. ही तिथली बिर्याणी. हळदीचा पिवळा भात, वर तळलेला कांदा, सोबत हिरवी आंबटगोड चटणी. मग बैलाच्या शेपटीचं आंबट-तिखट सूप, मसमन करी, साते आणि मतबा, म्हणजे खिमा भरून तव्यावर भाजलेली रोटी. फ्रा आथित रस्त्यावर, फ्रा सुमेन किल्ल्यासमोर रोटी-मतबाचं एक जुनं प्रसिद्ध दुकान आहे. तिथून जवळच, पर्यटकांनी गजबजलेल्या खाओसान रोडच्या पाठीमागे, चक्रबोंग मशिदीची गल्ली आहे. पट्टनीहून आणलेल्या आणि पुढे सोनारकामासाठी ओळखल्या गेलेल्या मुसलमानांची ती वस्ती. खाओसानवर रात्रभर नाचणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना तिची खबर असते कोण जाणे.

नाना भागातली 'अरब गल्ली' सगळ्यांना माहीत असते. एक दिवस तिथं जायला हरकत नाही. पण रोज तिथंच जेवलात तर बँकॉकमध्ये राहून दुबईचं खाल्लंत.

फिरायचं कसं

सुवर्णभूमी विमानतळावरून टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा खालच्या मजल्यावरून एअरपोर्ट रेल लिंक पकडा. फाया थाई स्थानकापर्यंत साधारण अर्धा तास लागतो आणि भाडं ५० बाहतच्या आत. तिथून बीटीएस, म्हणजे उंचावरून धावणारी गाडी मिळते. बीटीएस आणि जमिनीखालून जाणारी एमआरटी या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. तिकिटंही वेगळी. टॅक्सी घ्यायची तर मीटरवर घ्या, नाहीतर अ‍ॅपवरून बोलवा. एटीएममधून थोडे थोडे पैसे काढू नका, कारण परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाहतहून जास्त शुल्क कापलं जातं. ई-सिगारेट नेऊ नका, तिथं तिच्यावर बंदी आहे. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे ते निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर पाहा. १ मे २०२५ पासून आगमनाचं पत्रक ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. विमानतळावर जास्तीची चौकशी झाली तरी आवाज न चढवता कागद पुढे करता आले पाहिजेत.

पण बँकॉक खरं पाहायचं ते पाण्यावरून. चाओ फ्राया नदीवर नारिंगी झेंड्याची बोट चालते. ती नोकरदारांची, शाळकरी मुलांची बोट आहे. पर्यटकांच्या बोटीपेक्षा कितीतरी स्वस्त. शहराच्या पोटातून जाणाऱ्या सेन सेप कालव्यावरही अशीच बोट धावते. पाणी उडतं, वास येतो, बाजूचे लोक ताडपत्री ओढून धरतात. हा कालवा १८३७ मध्ये, तिसऱ्या रामा राजाच्या काळात, पूर्वेकडच्या लढाईसाठी सैन्य नेता यावं म्हणून खणायला घेतला. दक्षिणेतून युद्धकैदी म्हणून आणलेल्या मलय मुसलमानांचे हात तो खणायला लागले, असं त्याच्या काठच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आजही या कालव्याच्या कडेनं पूर्वेला मिन बुरी, नोंग चोककडे जात राहिलात तर मशिदी दिसत राहतात.

बान क्रुआ: एक सकाळ इथं द्या

बीटीएसच्या राचथेवी स्थानकावर उतरा. फेचबुरी रस्त्याच्या ७ नंबरच्या गल्लीत दारुल अमान मशीद आहे आणि तिच्याभोवती हलाल खाण्याच्या गाड्या. तिथं नाश्ता करा आणि कालव्याकडे चालत जा. ही बान क्रुआ वस्ती. इथले मूळ रहिवासी चाम मुसलमान. १८व्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या पूर्वजांनी सयामच्या राजाच्या बाजूने लढाई केली आणि बदल्यात ही जागा मिळाली. ते रेशीम विणत. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने थाई रेशीम जगभर नेलं. ते रेशीम सुरुवातीला याच वस्तीतल्या मागांवर विणलं जायचं. त्याचं लाकडी घर कालव्याच्या पलीकडच्या काठावर आहे. आता ते संग्रहालय आहे आणि तिथं तिकिटासाठी रांग असते. अलीकडच्या काठावर, जिथं विणकर राहायचे, तिथं सहसा कोणी येत नाही. माग आता एखाद-दुसऱ्या घरात उरले आहेत.

बान क्रुआची याहून मोठी गोष्ट पुढे घडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने एक्सप्रेसवेला जोडणारा रस्ता या वस्तीतून न्यायचं ठरवलं. घरं, मशीद, कब्रस्तान असं सगळंच धोक्यात आलं. लोकांनी मोर्चे काढले, कागदपत्रं जमवली, वाहतुकीचे आकडे तपासून दाखवले, शेजारच्या बौद्ध रहिवाशांना आणि विद्यापीठातल्या लोकांना सोबत घेतलं. १९९३ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली. त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा सुनावण्यांपैकी ती एक. तिचा निष्कर्ष वस्तीच्या बाजूने लागला. सरकार तरीही लगेच मागे हटलं नाही आणि लढा आणखी काही वर्षं चालला. शेवटी रस्ता झाला नाही. आज तुम्ही त्या अरुंद गल्लीत चहा पीत उभे असता, तेव्हा खरं तर तिथं काँक्रीटचे खांब असायला हवे होते.

आपल्याकडे रस्तारुंदी, पुनर्विकास, अतिक्रमण हे शब्द आले की मोहल्ल्यात दोनच सूर निघतात. एक रडण्याचा, दुसरा भडकण्याचा. सुनावणीच्या तारखेला हरकत नोंदवायला, नकाशा वाचायला, शेजारच्या आळीत जाऊन बोलायला आपण किती जण जातो? बान क्रुआ पाहताना मला हेच टोचलं. त्यांच्याकडे ना संख्या होती, ना पैसा.

कौलाची मशीद आणि बाईची जागा

दुसऱ्या दिवशी नदी. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्थानकाखालीच बोटीचा धक्का आहे. थोडं वर गेलं की ओरिएंटल धक्का, आणि तिथून चालत काही मिनिटांवर चारोएन क्रुंग रस्त्याच्या ३६ नंबरच्या गल्लीजवळ हारून मशीद. पंचतारांकित हॉटेल आणि फ्रेंच दूतावास यांच्या शेजारी, लाकडी घरांच्या वस्तीत. जुम्मा असेल तर नमाजला इथं या. प्रवचन कळलं नाही तरी शेजारी कोण बसलंय ते पाहा. थाई, मलय, तमिळ, अरब, बर्मी असे सगळे असतात.

दुपारी एमआरटीच्या निळ्या मार्गाने इसाराफाप स्थानकावर उतरा. जवळच्या बांकॉक याई कालव्यावर तोन सोन मशीद आहे. तिची परंपरा अयुथ्याच्या काळापर्यंत मागे जाते आणि ती शहरातली सर्वांत जुनी मानली जाते. त्याच कालव्यावर बांग लुआंग मशीद आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा आपण मशिदीसमोर आहोत हेच कळत नाही. घुमट नाही, मिनार नाही. थाई मंदिरासारखं उतरतं छप्पर, पांढऱ्या भिंती, दर्शनी त्रिकोणावर नक्षी. आत गेलं की मिहराब आहे, सफा आहेत आणि तीच शांतता आहे. पलीकडे चालत गेलात तर पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिकांचं सांता क्रूझ चर्च, चिनी देऊळ आणि बौद्ध विहार हे सगळं अर्ध्या तासाच्या आत.

कोकणातल्या जुन्या कौलारू मशिदी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बांग लुआंग परकी वाटणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही जिथं पाऊस पडतो तिथं पावसाला शोभेल अशीच मशीद बांधली होती. आज गावोगावी आखाती पैसा आला की ती कौलं उतरवून संगमरवर आणि घुमट चढवायची घाई होते. मशीद जास्त 'मुसलमानी' दिसावी म्हणून. बांग लुआंगच्या लोकांना दोनशेहून जास्त वर्षांत तशी गरज वाटली नाही.

आता मुलींसाठी. आग्नेय आशियातल्या मशिदींत बायकांची जागा असणं ही नेहमीची गोष्ट आहे. बँकॉकमध्ये तुम्ही वाटेत असताना जोहरची वेळ झाली तर मशिदीत जा, वजू करा, नमाज पढा. कोणी हटकणार नाही. उलट नमाजचे पांढरे झगे बऱ्याच ठिकाणी टांगलेले असतात. आपल्याकडे बाजारात गेलेल्या बाईला नमाजची वेळ झाली तर ती घरी परतते किंवा कजा करते, कारण बहुतेक मशिदींचं दार तिच्यासाठी नाही. त्यामुळे जी मुलगी इथं आयुष्यभर मशिदीबाहेरून गेली, ती बँकॉकमध्ये पहिल्यांदा आत जाते. हे जर "बँकॉकला जाऊन मुली बिघडतात" म्हणणाऱ्यांना कोणी सांगितलं, तर त्यांना काय उत्तर देता येईल?

मैत्रिणींनो, बीटीएस रात्री उशिरापर्यंत चालते, स्थानकं उजळलेली असतात आणि हिजाब घातलेल्या बायका तिथं रोज कामावर जातात. नेहमीची सावधगिरी बाळगा, आणि जा.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. बँकॉकमध्ये भारतीय पुरुषांच्या टोळक्यांबद्दल चांगलं बोललं जात नाही, आणि त्याला कारण आहे. रस्त्यावरच्या बायकांकडे टक लावून पाहणं, न विचारता फोटो काढणं, दर विचारून हसणं हे सगळं हलाल रेस्टॉरंटमधून जेवून बाहेर पडलेले लोकही करतात. ताटात काय आहे याची एवढी चौकशी करणाऱ्याने नजरेचीही थोडी करावी.

विहारात जायचं का?

ग्रुपमध्ये हा वाद हमखास होतो. माझं मत स्पष्ट आहे, जा. राजवाडा आणि वाट फ्रा केओ, वाट फो, वाट अरुण हे त्या लोकांचं सर्वस्व आहे. पाहणं म्हणजे पूजा करणं नव्हे. हात जोडायचे की नाही ते तुमच्या मनावर, तिथं कोणी जबरदस्ती करत नाही. पण बूट काढा, खांदे आणि गुडघे झाका, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका, मूर्तीला पाठ टेकून सेल्फी काढू नका. आपल्या मशिदीत कोणी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच. राजवाड्याचं तिकीट ५०० बाहत आहे. बाहेर कोणी सभ्य माणूस "आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणाला तर हसून पुढे चालू लागा. तो तुम्हाला टुकटुकमधून जवाहिऱ्याच्या दुकानात नेणार आहे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्थानकांत राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे थांबतात. तुम्हीही थांबा. राजाविषयी थट्टामस्करी तर अजिबात नको. त्याबद्दलचा कायदा फार कडक आहे.

'पाहुणा' म्हणजे कोण

थाई भाषेत एक शब्द आहे, 'खॅक'. अर्थ पाहुणा. पण तो वापरतात मुसलमानांसाठी, मलय लोकांसाठी, भारतीयांसाठी, अरबांसाठी. तुम्ही चार दिवसांचे प्रवासी, तुम्ही खॅक. आणि बान क्रुआतला माणूस, ज्याचं घराणं शहर वसलं तेव्हापासून तिथं आहे, तोही खॅक. त्याची मातृभाषा थाई, शाळेच्या दाखल्यावर अनेकदा थाई नाव, घरात अरबी नाव. १७व्या शतकात इराणच्या कोम शहरातून अयुथ्याला आलेल्या शेख अहमद यांच्यापासून चालत आलेलं मुसलमानांच्या प्रमुखाचं पद, चुलाराचमोंत्री, आजही राजनियुक्त आहे. तरी रस्त्यावर तो पाहुणाच.

"तुम्ही मुस्लिम? पण मराठी किती छान बोलता!" हे ज्यांनी ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून बँकॉकच्या मोहल्ल्यांचं नुसतं गोड चित्र घेऊनही परतू नका. त्याच देशाच्या दक्षिणेला पट्टनी, याला, नराथिवातमध्ये दोन दशकांहून जास्त काळ रक्त सांडतं आहे. बंडखोरांनी शिक्षक आणि भिक्खूही मारले आहेत. २५ ऑक्टोबर २००४ रोजी, रमजानमध्ये, ताक बाई इथं निदर्शकांना पकडून लष्करी ट्रकमध्ये एकावर एक रचलं गेलं आणि त्यातले ७८ जण वाटेत मेले. २०२४ मध्ये खटल्याची कायदेशीर मुदत संपली. शिक्षा कोणालाच झाली नाही. एकाच देशात बान क्रुआही आहे आणि ताक बाईही. तिथल्या माणसाशी बोलताना आपण निवाडा द्यायला गेलेलो नाही, एवढं लक्षात ठेवावं. पण ठाऊक असावं.

आता ते घरी सोबत येणारे प्रश्न. समजा, बान क्रुआतल्या एखाद्या मुलाशी तुमची मैत्री झाली आणि पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे आला. मिरजेत, मालेगावात, महाडमध्ये, मुंब्र्यात, कुठेही. मॉल दाखवून झाल्यावर त्याने विचारलं, तुमची मशीद कधी बांधली? कोणी बांधली? या गल्लीतले लोक आधी काय काम करायचे? तुमची माणसं इथं केव्हापासून आहेत? मला माझ्या मोहल्ल्याबद्दल यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. परत आल्यावर मी आधी मशिदीच्या जुन्या ट्रस्टींकडे जाऊन बसलो. बँकॉकची तिकिटं काढण्याआधी तुम्हीही एकदा बसून या.